स्ट्रॉबेरी फ्रीजिंग, सीझन तिसरा: ताटाचा प्रयोग जमला बहुतेक

मागच्या दोन वर्षांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी धुतलेली ओली फळं तशीच पिशवीत भरून फ्रीजरला टाकली, आठवड्याने दोन किलोचा एकच दगड निघाला, आई म्हणाली आता वरवंटा आणू का. दुसऱ्या वर्षी फळं सुटी राहिली पण वितळल्यावर लगदा आणि खाली वाटीभर लाल पाणी.

ह्या वेळी आधी मालच बदलला. आतापर्यंत सातारा बसस्टँडजवळ पनेटमधली (प्लास्टिकच्या छोट्या डब्यातली) मोठी मोठी देखणी फळं घ्यायचो, ती प्रवासासाठी जरा कच्चीच तोडतात, देठापाशी पांढरी असतात, आणि तोडल्यावर स्ट्रॉबेरीची गोडी काय वाढत नाही, रंग तेवढा चढतो. म्हणून रविवारी पहाटे गाडी काढली, वाई, पसरणी घाट, पाचगणीच्या पुढे भिलारच्या बाजूला रस्त्याकडेच्या शेतातून बारका माल घेतला, जो जॅमला जातो तो. पूर्ण लाल, आतपर्यंत लाल, आणि मोठ्या फळाच्या निम्म्या भावात! दाखवायला बरा नाही पण फ्रीजरमध्ये कोण बघायला बसलंय.

घरी आल्यावर लगेच कामाला लागलो. धुवायचं देठासकट, देठ नंतर काढायचं. मी उलटं करायचो, देठ काढलेल्या खड्ड्यातून फळ पाणी पितं आणि मग तेच पाणी बर्फ होतं. पंख्याखाली सुती कापडावर तासभर पसरली, बायको म्हणाली पापड घातल्यासारखं घर केलंय.

आता मुख्य मुद्दा. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते हळूहळू गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि आतल्या पेशी फाडतात, दुसऱ्या वर्षीचा लगदा तिथनं आला. मी तीन किलो एकदम कोंबलं होतं, फ्रीजर बिचारा थंड तरी किती करणार. ह्या वेळी आदल्या रात्रीच फ्रीजरचा काटा फुल थंडवर, स्टीलचं ताट आधीच आत ठेवलेलं, आणि एका वेळी फक्त अर्धा किलो, फळाला फळ न लावता. दुसऱ्या दिवशी गोट्यांसारखी खडखड वाजत होती! मग पिशवीत भरून, पिशवी तोंडापर्यंत पाण्यात बुडवली की हवा आपोआप बाहेर जाते, तोंड बंद. सगळं संपायला पाच दिवस लागले, तेवढ्यात राहिलेल्या फळातली काही पोरांनी खाल्ली काही नासली, तो हिशोब वेगळा.

एक बॅच साखरेचीपण केली, किलोला दीडशे ग्रॅम, फोडी करून साखर चोळून पाक सुटेपर्यंत ठेवलं मग डब्यात. ही दगड होत नाही, चमच्याने उकरता येते, रंगही जास्त टिकलाय. मिल्कशेकला हीच वापरा.

मध्ये एकदा दुपारभर लाईट गेली. फ्रीजर उघडू नका एवढं सांगून ऑफिसला गेलो होतो, तरी कोणीतरी उघडून बघितलंच, नाव घेत नाही. वरच्या दोन पिशव्या मऊ पडल्या, परत गोठवल्या नाहीत, त्याच रात्री जॅम.

पंधरा दिवसांनी टेस्ट: पूर्ण वितळवलं तर अजूनही मऊच होते, ताज्यासारखी कडक होईल ही आशा मी सोडली. पण अर्धवट वितळलेली, कडेने मऊ आतून बर्फ, वर थोडं मीठ-तिखट... पोरांनी एका बैठकीत अर्धी पिशवी संपवली.

शिल्लक साधी चार पिशव्या, साखरेचे दोन डबे. घरचा फ्रीजर म्हणजे उणे अठरा पक्कं म्हणता येत नाही, म्हणून छोटा थर्मामीटर मागवलाय, आला की आकडा टाकतो. एक पिशवी जूनला फोडणार, तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकलीय आणि खाली "हात लावू नये" असंपण लिहिलंय.