पन्हळ आमची, ओल काकींच्या घरात

भिंतीला ओल आली की आधी ती कुठे आहे ते बघावं. वरून ओघळ आले असतील तर कौल किंवा वासा. जोत्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टा असेल तर पाणी बाहेर पडून भिंतीवर उडतंय, नाहीतर जोत्याशी मुरतंय. शेजारच्या काकींच्या माजघरात असाच गुडघाभर पट्टा होता, तोही नेमका बोळीकडच्या भिंतीला. बोळीच्या या बाजूला आमचं घर, आणि आमच्या पागोळीखाली, म्हणजे कौलांच्या कडेवरून पडणारं पाणी झेलायला, सासऱ्यांनी बसवलेली पत्र्याची पन्हळ.

काकींना गवंड्याने सांगितलं होतं, भिंतीचा जांभ्या दगडाचा चिराच कच्चा आहे. त्या दर दिवाळीला वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणायच्या, आषाढात पोपडे सुटायचे. पेन्शनवर राहणारी एकटी बाई, आणि पाणी आमच्या छपराचं. मला हे फार लागलं.

जांभा पाणी पितोच, त्यात चिऱ्याचा दोष नाही. पण त्यावर सिमेंटचा गिलावा केला की भेगांतून आत शिरलेल्या पाण्याला परत बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते घरात तोंड काढतं, भिंतीला लोणा म्हणजे पांढरा खार लागतो. त्यावर कितीही रंग चढवला तरी तो टिकत नाही.

पाणी तरी किती? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या त्या बाजूच्या छपराचं क्षेत्र साधारण ४२ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली की २,१०० लिटर पाणी त्या एका पन्हळीत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे सव्वा लाख लिटर. ते सगळं दोन घरांमधल्या अडीच फुटांच्या बोळीत.

मे महिन्यात पत्रेवाल्याला शिडीवर चढवलं आणि कौलांवर पाइपने पाणी सोडलं. पन्हळ धरून ठेवणारे मधले लोखंडी आकडे गंजून ती पोटाशी झुकली होती, पाणी टोकाला न जाता मधूनच काकींच्या भिंतीकडे सांडत होतं. टोकाच्या पाइपात आंब्याचा पाला गच्च बसलेला. पण तिसरी गोष्ट खालून कधीच दिसली नसती. कौलाची कड पन्हळीवर पुरेशी आलेली नव्हती. त्यामुळे बारीक पावसात पाणी कौलाच्या पोटाला चिकटून मागे वळायचं आणि पन्हळीच्या पाठीमागून खाली उतरायचं. पन्हळ स्वच्छ असतानाही ओल का येते, याचं उत्तर तिथे होतं.

पत्रेवाला म्हणाला, जुनीच ठोकून देतो. मी नको म्हटलं. नवीन, रुंद पन्हळ घेतली, आकडे दोन-दोन फुटांवर. कौलांच्या कडेखाली पत्र्याची पट्टी सारली, तिचं टोक पन्हळीत वाकवलं. ढाळ डोळ्यांनी धरायचा नाही, पाणी भरलेल्या लेव्हल पाइपनेच: दहा फुटांना एक इंच, तीस फुटांना तीन. खालचा चार इंची पाइप बोळीत न सोडता मागच्या पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत नेला.

मुंबईचे दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, पागोळी वीस वर्षांहून जास्त तिथेच पडतेय, आपला हक्क आहे." १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने असा हक्क मिळण्याची तरतूद आहे, हे खरं. पण मला विचाराल तर पागोळीचा हक्क म्हणजे कौलांवरून धारेने पडणारं पाणी. झुकलेल्या पन्हळीतून एकाच जागी ओतलेलं पाणी त्यात बसत नाही. खर्च आम्हीच केला. काकी अर्धे पैसे घेऊन आल्या होत्या, ते मी घेतले नाहीत.

या पावसाळ्यात बोळ कोरडी राहिली. भिंत मात्र अजून ओलीच आहे. दीड फुटाचा जांभा एका हंगामात वाळत नाही. या दिवाळीला रंग नको, असं काकींना सांगितलंय. शिमगा झाला की खालचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा. चुना भिजत घालायला टाकी लागेल, ती आमच्या पडवीत आहे.