सोलापूर ते मोपा एटीआरने, आणि मनातलं एक वेळापत्रक

सोलापूरहून गोव्याकडे जायचं ठरलं की आमच्या घरात आधी रस्त्यावरून वाद होतो. एक गट विजयपूर–बेळगाव–चोर्ला घाट म्हणतो, दुसरा सांगोला–मिरज–कोल्हापूर करून आंबोली उतरू म्हणतो. कुठूनही गेलं तरी दिवस मोडतो, आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या तर रात्रही. या वेळी सावंतवाडीला लग्न होतं आणि बरोबर गुडघ्यांनी बेजार मावशी, त्यामुळे वाद झालाच नाही. होटगी रोडवरून गोव्यातल्या मोप्याचं विमान पकडलं.

होटगी रोडचा विमानतळ म्हटलं की सोलापूरकराला आधी चिमणी आठवते. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, मोर्चे, प्रतिमोर्चे झाले. अखेर १५ जून २०२३ ला ती पाडली. विमानतळाचं उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि प्रवासी घेऊन गोव्याचं विमान उडालं ते ९ जून २०२५ ला. म्हणजे अडथळा हटल्यावरही दोन वर्षं. नुसती धावपट्टी मोकळी करून विमानं येत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी मनावर घेत नाही.

विमान एटीआर ७२, फ्लाय९१चं. कंपनी गोव्याची, तिची विमानं असली पंख्यांचीच. साधारण सत्तर आसनं, दोन-दोनच्या रांगा, मधली सीट ही भानगडच नाही. चढायचं मागच्या दाराने. सामान पुढे, वैमानिकांच्या केबिनमागे ठेवतात. टर्मिनलमधून बाहेर पडून फरशीवरून चालतच विमानापर्यंत गेलो. मोठ्या विमानाला शिडी लावली की वीस-बावीस पायऱ्या चढाव्या लागतात, इथे दारालाच जोडलेल्या पाच-सहा. मावशी कठडा धरून एकटी चढली. कुणाला तेवढंही जमणार नसेल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, किमान दोन दिवस आधी. छोट्या विमानतळावर माणसं कमी असतात, ऐनवेळी मागितलं तर धावाधाव होते.

मावशीने खिडकीतून पंखा बघितला आणि विचारलं, "अरे, हा मध्येच बंद पडला तर?"

"मावशी, दोन आहेत."

"दोन्ही एकाच कंपनीचे असतील की!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सीटबद्दल सांगतो. पंखे पुढच्या रांगांच्या शेजारी येतात, तिथे घरघर जास्त. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात बसा. आवाज कमी, उतरायला सगळ्यांत आधी. पंख वर असल्यामुळे खाली बघायला काहीच आड येत नाही, आणि हे विमान जेटच्या मानाने बरंच खालून जातं. सोलापूर ते मोपा हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात. कोरडी, करडी जमीन मागे पडत जाते, मग कृष्णेच्या दोन्ही काठांचा उसाचा हिरवा पट्टा येतो, आणि शेवटी सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. घाट उतरताना थोडे हेलकावे बसले. उलटीचा त्रास असणाऱ्यांनी पोट हलकं ठेवावं. एक तासही पुरता झाला नसेल तोवर कोकण आलं. मावशीची शेंगाचटणी-भाकरीची पुरचुंडी उघडलीही नव्हती.

मोपा विमानतळ आहे गोव्याच्या पेडणे तालुक्यात, पण तो जितका पणजीचा तितकाच बांदा-सावंतवाडीचा. सावंतवाडीला जायला गाडी आधीच ठरवून ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवर टॅक्सी मिळते, पण राज्याची हद्द ओलांडायची म्हटल्यावर भाडं वाढतं. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्यातल्या ओळखीच्या गाडीवाल्याला फोन करून बोलावणं आम्हाला स्वस्त पडलं. पणजी-म्हापशाकडे जाणार असाल तर कदंबची बस बघा. दोन बॅगांच्या माणसाला तेवढी पुरते.

लग्नानंतर मालवणकडे जाताना वाटेत चिपी लागतं. परुळ्याजवळच्या पठारावरचा सिंधुदुर्ग विमानतळ तो हाच. अडीच किलोमीटरची धावपट्टी, नीटनेटकं टर्मिनल. ९ ऑक्टोबर २०२१ ला थाटात उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं, गणपतीला तिकीट मिळेना अशी वेळ आली. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालं. तिथे दिवसभर विमानं, त्यामुळे दक्षिण सिंधुदुर्गाचा प्रवासी तिकडे वळला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, छोटी गावं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेची तीन वर्षं पुरी होताच, चिपीची मुंबई सेवा थांबली.

ही तीन वर्षं काय आहेत ते कळल्याशिवाय छोट्या विमानतळांचं कोडं सुटत नाही. उडानमध्ये कंपनीने निम्म्याच्या आसपास जागा ठरलेल्या मर्यादित भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ते सुमारे २,५०० रुपये होतं. तूट सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. तेवढ्या काळात त्या मार्गावर दुसरी कंपनी येत नाही, राज्य इंधनावरचा कर अगदी नाममात्र करतं. तीन वर्षांत प्रवासी जमले तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळायचा. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि त्यापुढे टिकले फक्त ५४. जळगावकरांना हे आकड्यांशिवाय माहीत आहे. त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये अठरा-एकोणीस आसनांचं विमान बघितलं, ते गेलं; मग ट्रूजेट आली, तीही बंद झाली; २०२४ पासून पुन्हा नवी कंपनी.

परतीच्या विमानाची वाट बघत मोप्याच्या खुर्चीत बसलो होतो, तेव्हा सोलापूरसाठी मी मनातल्या मनात वेळापत्रक आखायला घेतलं. आधी पुणे खोडलं. अडीचशे किलोमीटर, चांगला रस्ता, हुतात्मा एक्सप्रेस, वंदे भारत. घरातून विमानतळ, तपासणी, लोहगावला उतरून पुन्हा पुण्याची गर्दी. एवढ्यात रेल्वेने माणूस शिवाजीनगरला पोहोचून चहा घेतो. पुण्याचं विमान मागणारे पुढारी स्वतः मात्र गाडीनेच जातात.

मुंबईची गोष्ट वेगळी, आणि तिथे विमानाची खरी स्पर्धा वंदे भारतशी नाही. ती साडेसहा तास घेते, दुपारी पोहोचवते, म्हणजे कामाचा दिवस गेलाच. स्पर्धा आहे सिद्धेश्वर एक्सप्रेसशी. रात्री जेवून गाडीत झोपायचं, सकाळी मुंबई, दिवसभर मंत्रालय, हॉस्पिटल, मंगळदास मार्केट जे काय असेल ते उरकायचं, रात्री पुन्हा तीच गाडी. सोलापूरच्या चादर-टॉवेलवाल्यांच्या कितीतरी पिढ्या याच गाडीवर धंदा करत आल्या. विमान भर दुपारी सोडलं तर या माणसाच्या ते काय कामाचं? त्याला जायला एक दिवस नि यायला दुसरा. तो म्हणणार, त्यापेक्षा माझा बर्थ बरा.

म्हणून माझ्या वेळापत्रकात विमान रात्री सोलापुरात मुक्कामाला असतं. सकाळी साडेसहाला सुटतं, पावणेआठपर्यंत मुंबई. दिवसभर ते मुंबई–चिपी, मुंबई–जळगाव, मुंबई–अमरावती अशा फेऱ्या मारतं. एटीआर अर्ध्या तासात पुन्हा उडायला तयार होतं, त्यामुळे सात-आठ उड्डाणं सहज बसतात. संध्याकाळी सातला मुंबईहून निघून सव्वाआठला परत होटगी रोड. शनिवार-रविवारी त्याच विमानाला गोव्याला पाठवा. एवढंच. नवी धावपट्टी नको, नवं टर्मिनल नको.

मग हे होत का नाही? एक तर मुंबई. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळच्या एका उतरण्याच्या वेळेत १८० माणसांचं विमानही येऊ शकतं आणि ७० जणांचंही. कंपनी काय निवडेल ते सांगायला नको. म्हणून छोट्या गावांच्या वाट्याला उरलेल्या, आडवेळच्या वेळा येतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, आणि माझ्या मते राज्य सरकारने हट्ट धरायचा तर तो इथे धरावा: सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळांतल्या काही जागा राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवा. अनुदानापेक्षा ते जास्त उपयोगाचं ठरेल. दुसरं, रात्री उतरायची सोय. ती असल्याशिवाय सव्वाआठचं विमान कागदावरच राहणार. दिवे लागतात, आणि तेवढ्या वेळेपर्यंत हवाई नियंत्रण, अग्निशमन आणि सुरक्षेची माणसं हजर लागतात. आज कित्येक छोटे विमानतळ विमानाच्या वेळेपुरतेच उघडतात.

आणि प्रवासी फक्त इथून जाणारेच धरू नका. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ही तिन्ही ठिकाणं सोलापूरहून दीड तासाच्या आतबाहेर. आमच्या विमानात निम्मी मंडळी स्वामींच्या दर्शनाला आलेली आणि परत निघालेली होती. बंगळूरला नोकरी करणारी सोलापूरची पोरं आणि शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरांची तेलंगणातली सोयरीक धरली तर दक्षिणेकडेही गिऱ्हाईक आहे. विमान कंपनीला मात्र हे सांगायला जिल्ह्यातून कुणी आकडे घेऊन जात नाही, सत्कार करायला सगळे जातात.

आता जाणाऱ्यांसाठी. विमानांच्या वेळा वर्षातून दोनदा बदलतात, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर. त्या सुमाराचं तिकीट असेल तर पंधरा दिवस आधी पुन्हा तपासा. आम्ही गेलो तेव्हा विमान रोज नव्हतं, म्हणून परतीचा वार आधी धरला आणि मुक्काम त्यावरून ठरवला. पावसाळ्यात नि दाट धुक्याच्या दिवसांत जोखीम असते. यंत्रांच्या मदतीने उतरायची सोय नसलेल्या ठिकाणी ५ किलोमीटरपर्यंत दिसलं तरच विमान उतरतं, नाही तर घिरट्या घालून परत जातं. हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण परतावा किंवा पुढचं विमान मिळतं, नुकसानभरपाई मिळत नाही. तेव्हा त्याच दिवशीची परीक्षा, कोर्टाची तारीख किंवा परदेशी विमान यावर टांगून ठेवू नका. पुढचं विमान जोडायचंच असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर मिळतात का बघा. वेगवेगळी तिकिटं काढली तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याचे पैसेही गेले.

सामानाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. गर्दी नाही म्हणून रमतगमत जाल तर फसाल. पाणी-फराळ घरून न्या. सोलापुरात उतरल्यावर बाहेर रिक्षांची रांग असेलच असं नाही, कुणाला तरी बोलावून ठेवा. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत. शेंगाचटणी कुठेही चालते. सासुरवाडीने प्रेमाने दिलेले नारळ आणि खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊ नका. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून तपासणीत काढून ठेवतात. मावशीच्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्यावरून दहा मिनिटं वाद घातला आणि शेवटी वाट्या तिथेच सोडून ते विमानात बसले.