मग धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना, आई?

"फ्लूची लस घेतलीस का?" रक्तदाब मोजता मोजता मिडवाइफने विचारलं. इथे ब्रिटनमध्ये सप्टेंबर लागला की गरोदर बायकांना ती एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत मिळते, कितवाही महिना असो. मला पाचवा सरत आला होता. विचार करून सांगते म्हणाले आणि घरी येऊन पुण्याला फोन लावला.

"काही नको," आई म्हणाली. "पोटात बाळ असताना कशाला टोचून घ्यायचं?"

भीती मलाही होतीच. त्यात रात्री मोबाइलवर वाचलं, या लसीने गर्भपात होतो.

पुढच्या भेटीत मी सरळ विचारलं. मिडवाइफने खुर्ची जवळ ओढली आणि नीट समजावलं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तशी शंका आली होती. मग त्याच गटाने जास्त बायकांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये सांगितलं, संबंध आढळला नाही. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची, ती गरोदरपणात देत नाहीत.

पण माझं मन वळलं ते पुढच्या वाक्याने. बाळाला सहा महिन्यांपर्यंत ही लस देता येत नाही. माझं बाळ येणार फेब्रुवारीत, ऐन फ्लूच्या दिवसांत. तेव्हा त्याच्यापाशी असेल ते नाळेतून माझ्याकडून गेलेलं संरक्षण. बांगलादेशातल्या अभ्यासात (२००८) लस घेतलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांमध्ये फ्लू ६३ टक्क्यांनी कमी दिसला होता.

आईला पुन्हा फोन केला. २००९ चा स्वाइन फ्लू तिला आठवतो, शाळा बंद, सगळं पुणं तोंडाला रुमाल बांधून. त्या साथीत गरोदर बायकांचे फार हाल झाले होते.

"माझ्या वेळी धनुर्वाताची इंजेक्शनं घेतलीस ना?"

"घेतली की. नर्सबाई घरी बोलवायला यायच्या."

"कशासाठी?"

"बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणून..." आणि ती थांबली.

शनिवारी औषधाच्या दुकानातल्या पडद्यामागच्या खोलीत लस घेतली. मुंगी चावल्याएवढं दुखलं. रात्री डाव्या कुशीवर झोपवेना, सोमवारपर्यंत दंड मोकळा.

आईचा काल फोन आला. वहिनीला सातवा लागलाय. तिच्या डॉक्टरीणबाईंना काय विचारायचं, ते आई कागदावर लिहून घेत होती.