बाकी म्हणजे कुणाची?

बुधवार, रात्रीचे साडेअकरा. विश्रामबाग, सांगली.

दुपारी मार्केट यार्डातल्या अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "तुमच्या त्या एजंटानं आज आमची अब्रू काढली. या जरा."

गेलो. एजंट म्हणजे मी दुकानाला करून दिलेला एआय प्रोग्राम, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा. एका हळदवाल्या शेतकऱ्यानं सकाळी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, 'माझी बाकी किती?' एजंटानं टूल (माहिती काढून देणारं, मीच लिहिलेलं छोटं फंक्शन) बरोबर निवडलं, खातंही बरोबर काढलं आणि कळवलं, 'तुमच्याकडे ४२,३०० रुपये बाकी आहेत, कृपया लवकर भरावेत.' ही रक्कम खरं तर दुकानानं त्याला द्यायची होती. हळदीची पट्टी (विक्रीचा हिशेब) झालेली, उचल वजा करून उरलेले हे पैसे. म्हणजे स्वतःच्याच पैशाचा तगादा त्याला आला. गडी पहिल्या एसटीनं येऊन दुकानात उभा. दिवाणजींनी चहा पाजून, वही दाखवून त्याला शांत केलं होतं. मला चहा मिळाला नाही.

आधी एजंटामागच्या भाषा-मॉडेलच्या नावानं बोटं मोडली. मग टूलचं वर्णन उघडून पाहिलं. 'खात्याची बाकी मिळवते.' तीन शब्द, माझेच, हंगामाच्या घाईत लिहिलेले. आकडा अधिक असेल तर दुकानाचं देणं, उणे असेल तर येणं, हा हिशेब माझ्या कोडमध्ये आहे. पण मॉडेल कोड कुठं बघतं? त्याच्यापुढे जातं टूलचं नाव, वर्णन आणि कुठले रकाने कसे भरायचे याचा साचा. ते फक्त 'हे टूल अमुक माहिती घालून चालवा' एवढं लिहून देतं, चालवतो आपला प्रोग्राम, आणि आलेलं उत्तर पुन्हा त्याच्या हातात पडतं. इथं त्याच्या हातात पडला नुसता ४२३००. बाकी म्हटल्यावर कुणीही शेतकऱ्याकडचीच धरली असती.

ओपनएआयनं जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला अशी टूलं देण्याची सोय, आणलं; अँथ्रॉपिकचं एमसीपी, म्हणजे टूलं जोडण्याची सामाईक पद्धत, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. दोन्हीकडे वर्णनाची जागा म्हणजे साधा मजकूर. रकान्याचा प्रकार चुकला तर काहीतरी लाल होतं तरी. वर्णनात आळस केला तर कुणी ओरडत नाही. ओरडतात ते थेट दिवाणजी.

तिथंच बसून नवं लिहिलं: 'शेतकऱ्याच्या खात्यावरची आजची रक्कम, रुपयांत. पट्टी न झालेला माल यात धरलेला नाही. उचलीच्या तारखा हव्या असतील तर हे वापरू नये, उचल_यादी वापरावी.' अधिक-उण्याचं काय करायचं यावर मात्र बराच वेळ गेला. 'उणे म्हणजे येणं समजावे' असं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. वर्णनात समजावत बसण्यापेक्षा टूलचं उत्तरच बदललं. आता आकड्यासोबत 'दुकानाने द्यायचे' किंवा 'शेतकऱ्याने द्यायचे' असे शब्दच परत जातात. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

मग हात लागलाच आहे तर बाकीची टूलंही काढली. भावाच्या टूलमध्ये एकक कुठंच नाही. हळदीचा भाव क्विंटलवर, बेदाण्याचा किलोवर. यार्डात हे कुणी बोलूनही दाखवत नाही, म्हणून माझ्याही लिहिण्यातून सुटलं. शिवाय सुट्टीच्या दिवशी रिकामी यादी परत जाते. एजंट त्यावरून 'आज भाव शून्य' असं सांगून मोकळा झाला असता. आता 'सौदा झाला नाही' असं स्पष्ट उत्तर जातं. मालाची नावं मी इंग्रजीत लिहिली होती, पण शेतकरी विचारतो कणीचं आणि हळकुंडाचं. ते शब्द जसेच्या तसे साच्यात घातले. मालाच्या रकान्यात आता ठरलेल्या नावांपैकीच एक चालतं.

याच्या उलटही एकदा करून बसलोय. गेल्या महिन्यात उचलीच्या टूलवर पानभर लिहिलं, 'अत्यंत महत्त्वाचे', 'खात्री केल्याशिवाय कधीही नको' वगैरे. त्यानंतर एजंट इतका बिचकला, की साध्या प्रश्नाला चार उलट प्रश्न. लग्नातल्या मानापमानासारखं. ते निम्म्यावर आणलं तेव्हा गाडं रुळावर आलं.

संध्याकाळी शेतकऱ्यांचे जुने ३० प्रश्न पुन्हा चालवले. २७ बरोबर. चुकलेले तिन्ही एकाच टूलवर: खाते_शोधा. मी लिहिलंय, 'नावावरून खाते शोधते.' पण एकाच गावात एकाच नावाची तीन खाती आहेत. दिवाणजींच्या वहीत त्यांच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं: थोरले, मळ्यातले, ट्रॅक्टरवाले. खाते क्रमांक कुणाच्याच लक्षात नसतो, खुद्द शेतकऱ्याच्याही नाही. आमच्या डेटाबेसात तो कंसातला मजकूर घेतलेलाच नाही.

उद्या सकाळी दहाला वही मागायची. दिवाणजी ती घरी नेऊ देणार नाहीत, तिथंच बसून उतरवावं लागेल.