मैत्रीवरचा शेवटचा दिवस

आज अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री संशोधन स्थानकावरचे आमचे उन्हाळी काम संपले. शिर्माकर ओएसिसच्या या उघड्या खडकांवर नोव्हेंबरात उतरलो तेव्हा सूर्य मावळतच नव्हता. आता फेब्रुवारीच्या अखेरीस चांगली काळोखी रात्र होते आणि प्रियदर्शिनी तलावाच्या काठाशी सकाळी बर्फाची पातळ साय धरलेली दिसते.

दिवसभराचे काम कचऱ्याचे होते, हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही. अंटार्क्टिका कराराच्या १९९१च्या पर्यावरण संरक्षण प्रोटोकॉलनुसार इथला कचरा परत न्यावा लागत असल्यामुळे जळके तेल, फुटक्या काचा आणि रिकामे डबे पिंपांत भरून, झाकणे आवळून, प्रत्येकावर क्रमांक रंगवत आम्ही बसलो होतो. यादीत एक पिंप कमी भरत होते. तासभर शोधल्यावर ते जनरेटरच्या खोलीमागे सापडले आणि त्यावर ‘सतरा’ हा आकडा माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात होता!

येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराच्या, म्हणजे हिमफळीच्या कडेला, जहाज उभे आहे. हिवाळी तुकडीतले सहकारी मात्र इथेच राहतील आणि मे ते जुलै असे जवळपास दोन महिने त्यांना सूर्य दिसणार नाही. निरोप घेताना त्यांच्यातल्या स्वयंपाक्याने माझ्याकडे उरलेला गोडा मसाला मागून घेतला. पुडी मूठभरच होती. ती त्याने दोनदा हुंगली आणि खिशात ठेवली.