माझ्या जागेवर काहून झोपली?

परवा दुपारी तीनला लाइन गेली. मे महिन्यात नागपुरात दुपारी तीनला लाइन जाणं ही काही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नाही. कूलरचा पंखा कुरकुरत थांबला, ओल्या वाळ्याचा वास दोन मिनिटं खोलीत रेंगाळला आणि मग खिडकीतून झळ आत आली. आतून आईनं विचारलं, "गेली का?" मी म्हटलं, "गेली." आमचं दुपारचं संभाषण सहसा एवढंच असतं.

टेबलावर मात्र पळापळ झाली. माझा मोठा मॉनिटर इन्व्हर्टरवर नाही आणि लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. त्यामुळे मोठा पडदा काळा झाला आणि त्याच्यावर जे जे होतं ते सगळं लॅपटॉपच्या चौदा इंचांत येऊन दाखल झालं. लिनक्सवर मी आय-थ्री नावाचा विंडो मॅनेजर वापरते, म्हणजे पडद्यावर कोणती खिडकी कुठे बसेल ते ठरवणारा प्रोग्राम. त्यात खिडक्या आकडे लावलेल्या वर्कस्पेसमध्ये राहतात आणि ते आकडे पडद्याच्या तळाशी एका बारीक पट्टीत दिसतात. एरवी लॅपटॉपच्या पट्टीत तीन आकडे असतात. क्षणात नऊ झाले. मेल, टर्मिनल, लॉग, कैरीच्या तक्कूचं एक पान (ते कामाच्या वेळेत का उघडं होतं ते विचारू नका), सगळे रांगेत.

दहा मिनिटांत लाइन आली. मॉनिटर उजळला. सहांतले तीन आकडे आपणहून परत गेले, तीन लॅपटॉपवरच बसून राहिले. त्या तिघांकडे बघता बघता मला महालातल्या आजोळची गच्ची आठवली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की त्या घरात खाली झोपणं अशक्य व्हायचं. संध्याकाळी मामा बादल्या भरभरून गच्चीवर पाणी ओतायचा. पहिल्या बादलीला फरशी चर्र करायची आणि वाफ थेट नाकात जायची. आठच्या सुमारास गाद्या वर. अकरा माणसं, अकरा गाद्या, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. आजी पाण्याच्या टाकीजवळ, कारण तिथे म्हणे वारा 'वळून' येतो. मामा जिन्याच्या तोंडाशी, कारण पहाटे चारला नळ यायचे आणि मोटर लावायला त्यालाच उठायचं असायचं. मावशी कठड्याच्या बाजूला, माठ तिच्या उशाशी. आम्ही पोरं मधे ओळीनं, उंचीप्रमाणे नाही, भांडणाप्रमाणे: मी आणि माझा मामेभाऊ शेजारी शेजारी नको, म्हणून आमच्यामध्ये कायम कुणीतरी बिचारं शांत पोर.

आणि मग एखाद्या रात्री दीडला वादळ सुटायचं. आधी शेजारच्या टिनांचा आवाज, मग तोंडावर धूळ, मग सुपारीएवढे थेंब. "उठा, उठा!" गाद्यांच्या कशाबशा वळकट्या करून अकरा माणसं एका जिन्यातून खाली. माजघरात जागा चौघांची. कुणाच्या डोक्याशी कुणाचे पाय, आजीच्या अंगावर माझं पांघरूण, माझ्या उशीवर मामेभाऊ. कूलर एकच आणि त्याच्यासमोर बारकी आधी पोहोचलेली.

पाऊण तासात आभाळ स्वच्छ. मामा जिन्यातून ओरडायचा, "चला वर, थांबलं!" खरी गंमत इथून पुढे. अर्धे उठायचे, अर्धे उठायचेच नाहीत. जे वर जायचे त्यांच्यातही ओळ मोडलेली असायची. अशाच एका रात्री मी संधी साधली आणि ओली फरशी फडक्यानं पुसून टाकीजवळ गादी टाकली. वारा तिथे खरंच वळून येत होता. डोळा लागतो न लागतो तोच पायाला काठीचं टोक.

"काहून वं, माझ्या जागेवर काहून झोपली?"

"आजी, तू खालीच झोपली होती ना!"

"झोपली होती. आता आली ना मी बाप्पा."

मी उठले. तिची जागा कुणी कागदावर लिहून दिली नव्हती, पण तिला ती पाठ होती आणि आम्हालाही. बाकी कुणाची जागा कुणी एवढ्या जोरात सांगत नसे. मावशी तर एकदा वादळात खाली गेली ती तो सगळा उन्हाळा माजघरातच झोपली.

आय-थ्रीमधेही नेमकं हेच आहे. कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइलमध्ये 'अमुक वर्कस्पेस अमुक मॉनिटरवर' अशी ओळ लिहिता येते. मॉनिटर गेला की तिथले सगळे वर्कस्पेस उरलेल्या पडद्यावर येतात, यात भेदभाव नाही. मॉनिटर परत आला की ज्यांच्या नावाची ओळ आहे ते परत जातात. ज्यांची नाही ते जिथे पडले तिथे पडून राहतात. माझ्या फाइलीत तीनच ओळी आहेत. उरलेल्या तिघांची मावशी झाली.

हे तरी बरं म्हणायचं. मी कामाला लागले तेव्हा लिनक्सवर दुसरा मॉनिटर म्हणजे एका फाइलीत त्याची लांबी-रुंदी हातानं लिहायची आणि अख्खा एक्स, म्हणजे पडद्यावर सगळं दाखवणारा प्रोग्राम, बंद करून पुन्हा सुरू करायचा. उघडं असलेलं सगळं जायचं. २००७मध्ये एक्सची रँडआर १.२ ही पुरवणी आली आणि चालू पडद्यावर मॉनिटर लावता-काढता येऊ लागला. रँडआर म्हणजे रिसाइझ अँड रोटेट. लहान-मोठं करणं आणि फिरवणं. येणं-जाणं नावात कुठेच नाही, पण पुढे सगळा जन्म त्याच कामात गेला.

लॅपटॉप नव्या मॉनिटरला ओळखतो कसा, ते एकदा बघण्यासारखं आहे. मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची एक चिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. केबल लागली की लॅपटॉप ती वाचतो. सुरुवात सगळ्यांची सारखी: एक शून्य, सहा एफएफ, एक शून्य. लग्नाच्या बायोडेटावर 'श्री गणेश प्रसन्न' असतं तसं. मग घराणं, म्हणजे कंपनीची तीन अक्षरं. मग जन्म: कितव्या आठवड्यातला आणि कोणत्या सालचा, त्यातही साल १९९० पासून किती वर्षं अशा हिशोबानं. मग उंची-रुंदी, सेंटिमीटरमध्ये. बायोडेटा म्हटल्यावर थोडी लपवाछपवी आलीच. काही मॉनिटर सीरियल नंबरची जागा कोरी सोडतात. एका ऑफिसात माझ्या टेबलावर एकाच खेपेचे दोन मॉनिटर होते, दोघांचेही नंबर कोरे. माझी स्क्रिप्ट चिठ्ठी वाचून कुणाला डावीकडे बसवायचं ते ठरवायची. दर सोमवारी ती बिचारी बुचकळ्यात पडायची आणि माझा माउस उजवीकडे ढकलला की डावीकडून निघायचा.

डावं-उजवं कुठून मोजायचं, तर पडद्यांच्या जगाचा झिरो माइल वर डाव्या कोपऱ्यात असतो. आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या झिरो माइलला निदान एक खांब आणि चार घोडे आहेत, तिथे काहीच नाही, नुसतं शून्य कॉमा शून्य. माझा लॅपटॉप शून्यापासून १९२० पिक्सेलपर्यंत, मोठा मॉनिटर तिथून पुढे. आता समजा एखादी खिडकी २४०० वर बसली आहे आणि मॉनिटर गेला. आय-थ्री तिला ओढून आणतो. पण असेही मॅनेजर मी वापरलेत जे तिला तिथेच सोडून द्यायचे. पत्ता शाबूत, गाव गायब. खिडकी चालू असते, यादीत नाव दिसतं, फक्त दिसत नाही. नवऱ्याच्या विंडोजवर अजूनही अधूनमधून असं होतं. मग मी पोळ्या लाटता लाटता ओरडते, "ऑल्ट-स्पेस दाब, मग एम, मग बाण!" आणि ती खिडकी काठावरून रांगत आत येते. या एका कारणासाठी आमच्या घरात माझा थोडा मान आहे.

याआधीचा माझा मॉनिटर एचडीएमआयचा होता. त्याचा एक विचित्रपणा होता. लाइन गेली, पडदा काळा ठिक्कर झाला, तरी लॅपटॉपला त्याचा पत्ताच लागत नसे. एचडीएमआयच्या केबलमधून लॅपटॉपच ५ व्होल्टची एक बारीक धार मॉनिटरला देत असतो, आणि त्या मॉनिटरच्या पोटातली चिठ्ठी तेवढ्यावर जिवंत राहायची. केबलची एकोणिसावी पिन 'आहे, आहे' सांगत राहायची. त्यामुळे खिडक्या तिथेच, अंधारात. माउस तिकडे सरकला की दिसेनासा व्हायचा आणि मी रिकाम्या काचेवर बाण शोधत बसायची. आताचा डिस्प्लेपोर्टवाला, म्हणजे दुसऱ्या जातीच्या केबलचा, सरळ स्वभावाचा आहे. वीज गेली की तोही गेला.

आजी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पहिल्या रात्री गच्चीवर अकरा गाद्या आल्या होत्या. मामीनं सवयीनं काढल्या, आम्ही सवयीनं वर नेल्या, आणि टाकीजवळची घालून झाल्यावर सगळे एकदम गप्प झाले. मामानं ती उचलली नाही. थोडा वेळ पाण्याची रिकामी बादली हातात धरून उभा राहिला आणि मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन झोपला. त्या रात्री वारा वळून येत होता, पण टाकीजवळ कुणी गेलं नाही. मामेभाऊसुद्धा नाही.

आता ती गच्चीच नाही. तिच्यावर दोन मजले चढले, आणि सगळ्यांच्या खोल्यांत आपापले एसी आहेत.

तर त्या दुपारी मी कॉन्फिगची फाइल उघडली. म्हटलं, उरलेल्या तिघांच्या नावानं ओळी लिहून टाकू, एकदाचं काम संपेल. फाइलीत तीन ओळी होत्या असं मी वर सांगितलं, ते तितकंसं खरं नाही. चौथी एक आहे: सात नंबरचा वर्कस्पेस, डीपी-दोन-आठ या मॉनिटरवर. हा मिहानमधल्या जुन्या ऑफिसातला, डॉकवर, म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर जोडायच्या डबीवर, लागायचा तो. ते ऑफिस केव्हाच बंद झालं, डॉक परत केला, मॉनिटर कुठे गेला देव जाणे. आय-थ्रीची त्याला हरकत नाही. तो मॉनिटर सापडला नाही की सात नंबर मुकाट समोर असेल त्या पडद्यावर उघडतो. मी त्या ओळीवर कर्सर नेला आणि थोडा वेळ तिथेच ठेवला.

"काय करून राहिली वं तेव्हाची?" आई दारात उभी होती. "कूलरमधलं पाणी संपलं, पंप नुसता घरघरून राहिला."

मी उठले, नळी लावली, टाकी भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. परत येऊन बसले तर लाइन पुन्हा गेली होती आणि तळाच्या पट्टीत नऊच्या नऊ आकडे.

ओळी लिहायच्या राहिल्यात. सातची काढायचीही राहिली आहे. बघू, पाऊस पडला की.