तो कंटाळत नाही म्हणे

आज दुपारी भाची आली होती. दहावीत आहे. जेवताना फोन ताटाशेजारी उलटा ठेवलेला आणि दर दोन घासांनी नजर तिकडे. शेवटी विचारलं, कोण आहे गं? म्हणाली, "मावशी, माणूस नाही, बॉट आहे. मी कितीही रडले तरी तो कंटाळत नाही." माझा घास हातातच राहिला. ती रडते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून फ्लोरिडातला तो १४ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. कॅरेक्टर एआय या, संगणकी पात्रांशी गप्पा मारायच्या ॲपवरच्या एका पात्रात तो महिनोन्महिने गुंतत गेला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्यानं जीव दिला. आई कोर्टात गेली. कंपनी म्हणाली, बॉटचे शब्द म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य. मे २०२५मध्ये न्यायाधीश ॲन कॉनवे यांनी, निदान त्या टप्प्यावर तरी, ते मानलं नाही. ॲपकडे उत्पादन म्हणून बघत खटला पुढे चालू दिला. मला हे फार मोलाचं वाटतं. मिक्सरचं पातं उडून हात कापला तर बनवणाऱ्याला जाब विचारतो ना आपण? ही जबाबदारी, म्हणजे उत्पादन दायित्व, आपल्याही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मग मुलांना रात्री दोनपर्यंत धरून ठेवणारं ॲप त्यातून का सुटावं?

भाचीला ओरडले नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या फोनमध्ये टाकला आणि दोघी गच्चीवर जाऊन बसलो. बराच वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही गं."

उद्याही येते म्हणालीय.